दोघांचे तिघे होताना नात्याची तयारी कशी करावी

बाळ येणार म्हटलं की तयारीची यादी लगेच होते. पाळणा, कपडे, डॉक्टरांच्या तारखा, दवाखान्यात न्यायची पिशवी. नवरा-बायकोच्या नात्याचं नाव त्या यादीत नसतं. मूल झालं की नातं आपसूक घट्ट होतं, असंच सगळे धरून चालतात.

बहुतेकांचा अनुभव उलटा असतो. 1957 साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ई. ई. लेमास्टर्स यांनी 46 जोडप्यांना पहिल्या बाळानंतरच्या काळाबद्दल विचारलं. त्यातल्या 38 जोडप्यांनी तो काळ मोठ्या संकटासारखा गेल्याचं सांगितलं. यातल्या बहुतेकांचा संसार चांगला चालला होता आणि मूलही हवं म्हणूनच झालं होतं. पुढच्या अभ्यासांत चित्र इतकं टोकाचं आलं नाही, पण दिशा तीच राहिली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेल्या पाहणीत पहिल्या बाळानंतर सुमारे दोन तृतीयांश बायकांचं वैवाहिक समाधान घसरलेलं दिसलं. उरलेल्या एक तृतीयांश बायकांचं समाधान टिकलं किंवा वाढलं.

माझं मत असं, की या काळातली बहुतेक भांडणं प्रेम आटल्यामुळे होत नाहीत. घरात अचानक कामाचा डोंगर येतो, तो कोणी उचलायचा हे कोणीच ठरवत नाही, आणि न ठरवता बसलेली घडी एकाच्याच गळ्यात पडते. मग कामाचा राग माणसावर निघतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये भावनांपेक्षा व्यवस्थेबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिली पायरी: दोघं एकाच दिवशी पालक होत नाहीत, हे धरून चाला

तिच्यासाठी गरोदरपण सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळीने सुरू होतं. पोट दिसत नाही, पण थकवा इतका, की संध्याकाळी बसल्या जागी डोळे मिटतात. त्याच्यासाठी या काळात घरात काहीच बदललेलं नसतं. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांदरम्यान जाणवते. बाहेरून हात ठेवून त्याला ती जाणवायला आणखी काही आठवडे जातात. म्हणजे ती कित्येक महिने बाळासोबत राहते आहे आणि तो अजून बातमीसोबतच राहतो आहे.

इथून दोन वाक्यं जन्माला येतात. “तुला काही वाटतच नाही” आणि “तुला आता बाळाशिवाय काही सुचत नाही.” दोन्ही बोलणाऱ्यांना मनापासून खरी वाटतात.

यावर उपाय साधा आहे. शक्य तितक्या तपासण्यांना दोघांनी जावं, निदान सोनोग्राफीला तरी. त्याने रोज एकदा “आज कसं वाटतंय?” एवढंच विचारावं आणि उत्तर ऐकताना लगेच तोडगा सुचवू नये. तिने त्याच्या उत्साहाची परीक्षा घेणं सोडावं. काही माणसांची काळजी गप्प बसण्यातून, जास्त काम अंगावर घेण्यातून, पैशांचे हिशेब पुन्हा पुन्हा मांडण्यातून बाहेर पडते. ते दूर जाणं वाटतं, बरेचदा ती भीती असते. विचारल्याशिवाय मात्र हे कळत नाही.

बाप होणं हे डोक्यात कमी आणि हातात जास्त घडतं. फिलिपाइन्समधल्या 600हून अधिक पुरुषांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप झालेल्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी झालेलं आढळलं, आणि मुलाच्या देखभालीत रोज तीन तास किंवा जास्त घालवणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होतं. “मला अजून बाप झाल्यासारखं वाटत नाही” म्हणणाऱ्याला म्हणूनच एकच सल्ला द्यावासा वाटतो. वाटण्याची वाट बघू नका, बाळाला उचला.

दुसरी पायरी: एक वर्तुळ काढा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या कॅरोलिन आणि फिलिप कॉवन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने जोडप्यांना गरोदरपणापासून पुढे कित्येक वर्षं अभ्यासलं. त्यांचा एक प्रयोग घरी सहज करता येतो. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एकेक वर्तुळ काढायचं आणि आपण स्वतःला जे जे समजतो त्याचे वाटे पाडायचे: नोकरी करणारी, मुलगी, मैत्रीण, बायको, होणारी आई. किती वेळ देतो यावर वाट्याचा आकार ठरवायचा नाही. स्वतःला आतून किती तसं वाटतं, यावर ठरवायचा.

सातव्या-आठव्या महिन्यात एकदा काढा आणि बाळ सहा महिन्यांचं झालं की पुन्हा. कॉवन यांना दिसलं ते असं, की बाळ आल्यावर आईचा वाटा भराभर वाढतो, बापाचा वाढतो पण कमी, आणि दोघांच्याही वर्तुळात नवरा-बायको हा वाटा आक्रसतो. त्याच अभ्यासात, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही महिने जाणकारांसोबत गटात बसून बोललेल्या जोडप्यांचं नातं इतरांपेक्षा चांगलं टिकलं.

कागद एकमेकांना दाखवताना वाद घालायचा नाही. “तुझ्या वर्तुळात मी एवढाच?” असं म्हणायचा मोह होतो, तो आवरा. “हा वाटा कमी झाल्याचं तुला वाईट वाटतं का?” हा प्रश्न कितीतरी कामाचा आहे.

तिसरी पायरी: कामं नव्हे, जबाबदाऱ्या वाटून घ्या

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

नेहमीचा संवाद आठवा. ती म्हणते, “सगळं मलाच बघावं लागतं.” तो म्हणतो, “अगं, मग सांगायचं ना, केलं असतं.” आणि ती आणखी चिडते. त्याला कळत नाही, मदतीची तयारी दाखवूनही चिडायचं कारण काय.

कारण सांगणं हेही कामच आहे. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंगर यांनी 2019 साली घरातल्या या न दिसणाऱ्या डोकेफोडीचे चार भाग पाडून दाखवले: पुढे काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि तो पार पडला का यावर लक्ष ठेवणं. त्यांनी बोलतं केलेल्या जोडप्यांत निर्णय बहुतेक दोघं मिळून घेत होती. ओळखणं आणि लक्ष ठेवणं मात्र प्रामुख्याने बायकांकडे होतं. म्हणजे दिसणारा भाग दोघांचा आणि रात्री झोप उडवणारा भाग एकीचा.

बाळाच्या लसीचं उदाहरण घ्या. तारीख लक्षात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, त्या दिवशी रजा टाकणं, कार्ड शोधून पिशवीत ठेवणं, नंतर ताप आला तर काय करायचं हे विचारून घेणं, पुढची तारीख लिहून ठेवणं. “मी गाडी काढतो, तू बाळाला घे” एवढ्याने लसीचं काम निम्मं होत नाही. लस त्याची असेल तर हे सगळं त्याचं, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, कोणी आठवण न करता.

बाळ पोटात असतानाच एका निवांत वेळी कागद घेऊन बसा. घर चालायला काय काय लागतं ते लिहा आणि बाळ आल्यावर काय वाढेल तेही लिहा: पाजणं, ढेकर काढणं, लंगोट-डायपर, अंघोळ, कपडे, बाळाचं सामान संपण्याआधी आणणं, डॉक्टर, पाहुण्यांचे फोन, रात्रीचं रडणं, स्वयंपाक, बिलं. मग प्रत्येक ओळीपुढे एकच नाव लिहा. “दोघं” असं लिहिलेलं काम बहुतेक वेळा एकाचंच होऊन बसतं.

वाटणी समसमान व्हायची नाही. अंगावर पाजणारी आई दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजते, एका दमात वीस-तीस मिनिटं धरली तरी तेवढ्यातच तिचे चार-पाच तास जातात. ते वाटून घेता येत नाहीत. म्हणून बाकीच्या यादीचा मोठा भाग दुसऱ्याकडे जायला हवा. पाजून झाल्यावरचं ढेकर, डायपर आणि झोपवणं बाप नक्की करू शकतो.

आता दुसरी बाजू, जी बोलली की काहींना राग येतो. जबाबदारी दिली की पद्धतही द्यावी लागते. त्याने डायपर सैल बांधला, टोपडं उलटं घातलं, अंघोळीला दुप्पट वेळ लावला, म्हणून दर वेळी पुढे होऊन “राहू दे, मीच करते” म्हटलं, की तो चार वेळा हसून बाजूला होतो आणि पाचव्या वेळी उठतच नाही. बाळाला धोका असेल तिथे जरूर बोला. बाकी ठिकाणी खोलीतून बाहेर जा, खरंच जा. आणि त्यानेही मुद्दाम वाईट काम करून सुटका करून घेऊ नये. ही युक्ती जुनी आहे आणि ती लगेच ओळखू येते.

चौथी पायरी: आधीच बोलून ठेवायच्या गोष्टी

प्रसूतीच्या वेळी सोबत कोण असेल? पहिल्या आठवड्यात बघायला कोणी, किती वेळ यायचं आणि “आज नको” हे कोणी सांगायचं? घरातल्या ज्येष्ठांचा सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याशी जुळला नाही तर? रजा कोणाची किती, तेवढ्या काळात पैशांचं कसं? बाळाचे फोटो कोणाला पाठवायचे?

यात एक नियम पाळला तर पुष्कळ वाद टळतात. ज्याचे आईवडील, त्यानेच त्यांच्याशी बोलायचं. सुनेने सासूला किंवा जावयाने सासऱ्यांना “नको” म्हणायची वेळ आणू नये.

पाचवी पायरी: पहिले तीन महिने फक्त तग धरा

नवजात बाळ दिवसाला 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांत. रडणं पहिल्या आठवड्यांत वाढत जातं. बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी 1962 साली नोंदवलं होतं, की ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत जातं आणि मग उतरत जातं. बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बराच फरक पडलेला असतो. हे आधी माहीत असलं, की सहाव्या आठवड्यात “आपलंच काहीतरी चुकतंय” आणि मग “तुझंच काहीतरी चुकतंय” इथपर्यंत गाडी जात नाही.

या काळात झोप ही घरातली सगळ्यांत मौल्यवान वस्तू. दोघांनी रात्रभर जागून दोघांनी दिवसभर धुमसण्यापेक्षा पाळ्या लावा. प्रत्येकाला सलग चार-पाच तास झोप मिळेल असं बघा, त्यासाठी एकाला दुसऱ्या खोलीत झोपावं लागलं तरी चालेल. त्याचा अर्थ नात्यात अंतर पडलं असा कोणी काढू नये. आई अंगावर पाजत असेल तर तिची सलग झोप एखाद्या पाजण्यानंतर लगेच सुरू होते आणि तेवढ्या वेळात बाळाचं बाकी सगळं बाप बघतो. “मला सकाळी कामावर जायचंय” हे कारण पूर्ण ग्राह्य नाही. ओल्या बाळंतिणीलाही सकाळी कामावरच हजर व्हायचं असतं, तिचं काम फक्त त्याच घरात आहे.

दोन गोष्टी आपसात ठरवून टाका. रात्री बोललेलं सकाळी पुरावा म्हणून वापरायचं नाही. आणि लग्न, सासर-माहेर, “तू आधी असा नव्हतास” या विषयांवर पहिल्या तीन महिन्यांत निकाल द्यायचा नाही. विषय डोक्यात येतील, कागदावर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी त्यातले अर्धे मुद्दे तुमचे तुम्हालाच परके वाटतील आणि उरलेले खरोखर बोलण्यासारखे असतील.

रडणं असह्य झालं तर बाळाला त्याच्या जागी उताणं, सुरक्षित ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर जा किंवा दुसऱ्याला हाक मारा. हे दोघांनाही लागू आहे. बाळाला कधीही, कितीही चिडलात तरी गदागदा हलवू नका. त्याने मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

सहावी पायरी: शरीराची जवळीक

गरोदरपण सुरळीत असेल तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. रक्तस्राव होत असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल, पाणमोट फुटली असेल किंवा वेळेआधी कळा येण्याचा धोका असेल तर डॉक्टर मनाई करतात. शंका असेल तर सरळ विचारा, त्यांना हा प्रश्न नवा नाही. इच्छा मात्र दोघांचीही वरखाली होते. कधी तिला मळमळीमुळे स्पर्शही नको असतो, कधी त्यालाच भीती वाटते.

बाळंतपणानंतर अंगावरून जाणं साधारण चार ते सहा आठवडे चालतं. टाके, सिझेरियनची जखम भरायला वेळ लागतो. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी “सगळं ठीक आहे” म्हटलं, याचा अर्थ शरीर बरं होतंय इतकाच. मन तयार आहे असा त्याचा अर्थ नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असतं. त्यामुळे योनीमार्ग कोरडा पडतो आणि दुखतं. यासाठी वंगण देणारी जेल मिळतात, ती वापरायला संकोच नको. तरीही दुखत राहिलं तर सहन करू नका, डॉक्टरांना दाखवा.

त्यात दिवसभर बाळ अंगाला चिकटलेलं. संध्याकाळी नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला तरी अंग आक्रसतं. तो नकार त्याला नसतो, आणखी एका स्पर्शाला असतो. हे तिने शब्दांत सांगावं आणि त्याने ते मनाला लावून घेऊ नये. मधल्या काळासाठी पुढे काही होणार नाही हे दोघांना माहीत असलेली जवळीक ठेवा: पाय चेपून देणं, शेजारी बसणं, मिठी. प्रत्येक स्पर्शामागे मागणी आहे असं वाटू लागलं, की माणूस साधी मिठीही टाळतो.

आणि गर्भनिरोधकाचं विसरू नका. पाळी आली नाही म्हणजे गर्भ राहत नाही, हा समज अनेकांना महागात पडला आहे. बीजांड पाळीच्या आधी बाहेर पडतं. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीला चौथ्या आठवड्यापासूनही दिवस जाऊ शकतात. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळतं, पण तीन अटी एकदम पाळल्या गेल्या तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच्या दुधावर आहे. एक जरी अट मोडली तरी दुसरं साधन हवं. जागतिक आरोग्य संघटना पुढच्या गर्भधारणेआधी किमान 24 महिने थांबायला सांगते. कोणतं साधन कधीपासून चालेल हे पाजण्यावरही अवलंबून असतं, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सातवी पायरी: चिडचिड आणि आजार यातला फरक ओळखा

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत कारण नसताना रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाबद्दल काहीच वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागेना, आपण नालायक आहोत असं वाटू लागलं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. 1987 साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली यासाठी जगभर वापरतात. दहाच प्रश्न असतात, काही मिनिटांत भरून होते. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे जायला हवं का हे कळतं.

बापांनाही हे होतं. 2010 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात साधारण दहातल्या एका बापात नैराश्य आढळलं आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना प्रमाण सगळ्यांत जास्त होतं. पुरुषांत ते रडण्यातून क्वचित दिसतं. ते संतापातून, घरी उशिरा येण्यातून, दारूतून, फोनमध्ये तोंड घालून बसण्यातून दिसतं. तोवर आईची विचारपूस करणारी मंडळीही पांगलेली असतात आणि बापाला तर कोणीच काही विचारलेलं नसतं.

आईला भास होऊ लागले, ती असंबद्ध बोलू लागली, दिवसेंदिवस झोपेविना विलक्षण उत्साहात राहिली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचं बोलू लागली, तर थांबायचं नाही. हजारात एक-दोन बायकांना होणारा हा आजार तातडीच्या उपचारांनी बरा होतो. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणखी एक. मारहाण, धमक्या, पैसे अडवणं, माणसांपासून तोडणं हे “नव्या बाळाचा ताण” या खात्यात मांडू नका. काही घरांत हिंसा गरोदरपणातच सुरू होते किंवा वाढते. वरच्या कुठल्याही पायऱ्या अशा नात्याला लागू नाहीत. तिथे पहिली गरज सुरक्षित जागेची आणि विश्वासातल्या माणसाला सांगण्याची आहे.

आठवी पायरी: सहा महिन्यांनी पुन्हा वाटणी

इथे अनेक जोडपी गाफील राहतात. पहिल्या महिन्यांत अडचण म्हणून केलेली व्यवस्था तशीच चालू राहते. ती रजेवर होती म्हणून रात्री तिच्याकडे होत्या. ती कामावर रुजू होते, रात्री तिच्याकडेच राहतात. म्हणून रजा संपण्याच्या महिनाभर आधी तिसऱ्या पायरीतला कागद पुन्हा काढा आणि प्रत्येक नाव नव्याने लिहा. बाळ आजारी पडलं तर पहिली रजा कोण टाकणार, पाळणाघराचा किंवा सांभाळणाऱ्या बाईंचा फोन कोणाकडे येणार, हे तेव्हाच ठरवा.

त्यानंतर आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, बाळ झोपल्यावर, फोन बाजूला ठेवून बसा. पहिल्यांदा या आठवड्यात दुसऱ्याने केलेली एक गोष्ट नेमकी सांगायची. “तू खूप करतोस” असं मोघम नको, “मंगळवारी पहाटे तू त्याला घेऊन गेलास म्हणून मला झोप मिळाली” असं हवं. मग पुढच्या आठवड्याची कामं, आणि शेवटी एखादी तक्रार, एकच. तक्रारीत “तू नेहमी” आणि “तू कधीच” हे शब्द आले की वाक्य थांबवून पुन्हा सुरू करा. सुरुवातीला हे नाटकी वाटतं, वाटू द्या. वीस मिनिटं झाली की उठा, विषय अर्धा राहिला तरी. त्या वेळात बाळाचा विषय सोडून दुसरं काही बोललात तर उत्तमच.

हे करूनही दोन-तीन महिने तेच भांडण त्याच शब्दांत होत असेल, किंवा भांडणही बंद होऊन नुसती शांतता पसरली असेल, तर समुपदेशकाकडे जा. दोघांपैकी एक तयार नसेल तर दुसऱ्याने एकट्याने सुरुवात केली तरी चालते. पहिल्या भेटीला जाताना त्या आठवड्यात प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग लिहून न्या: कोण काय म्हणालं, बाळ काय करत होतं, किती वाजले होते आणि त्याआधी कोण किती तास झोपलं होतं.